नॉटपेट्या : हेरगिरीचं मागचं दार आणि न्हावा-शेवाचं खोळंबलेलं गेट

कंटेनरच्या दारावर अकरा खुणांचा एक क्रमांक रंगवलेला असतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सुटा आकडा. हा सुटा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणितानं काढलेला असतो. गेटवरच्या क्लार्कनं घाईत ३ चा ८ टाइप केला तर गणित जुळत नाही आणि चूक बहुधा तिथल्या तिथं सापडते. बंदराचं सगळं काम या क्रमांकावर चालतं. ट्रेलर गेटवर आला की क्रमांक सिस्टिममध्ये जातो आणि सिस्टिम सांगते, हा डबा कुठल्या जहाजाचा, यार्डात कुठल्या रांगेत, कितव्या थरावर ठेवायचा. बाहेर काढतानाही तेच. एकावर एक रचलेल्या हजारो डब्यांतून नेमका एक काढायचा, तर तिथं कुणाची स्मरणशक्ती कामाला येत नाही.

२७ जून २०१७, मंगळवार. उरण तालुक्यातल्या जवाहरलाल नेहरू बंदरात, म्हणजे न्हावा-शेवात, एका टर्मिनलला हे सगळं सांगणारी सिस्टिमच उरली नाही. टर्मिनलचं नाव गेटवे टर्मिनल्स इंडिया. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहातली एपीएम टर्मिनल्स आणि आपली सरकारी कॉनकॉर यांची ही भागीदारी, वर्षाला १८ लाख टीईयूची, म्हणजे वीस फुटी डब्याच्या मापानं १८ लाख डब्यांची क्षमता. एपीएमचं मुख्यालय नेदरलँड्समधल्या हेगला. युक्रेनवर सोडलेल्या ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरनं तिकडची यंत्रणा पडली आणि इकडे काम ठप्प झालं. दुसऱ्या दिवशी सरकारचा खुलासा आला, बंदर प्रशासनानं खोळंबलेल्या गाड्यांसाठी पार्किंगची जागा मोकळी करून दिली, आणि हातानं काम रेटायची धडपड सुरू झाली.

त्या रांगेतल्या ट्रेलरचालकाचं युक्रेनशी काही भांडण नव्हतं. मालाच्या मालकाचंही नव्हतं, टर्मिनलचंही नव्हतं. तरी युक्रेनवर केलेला घाव त्यांच्यापर्यंत कसा आला, आणि तो ‘युद्ध’ होता की ‘गुन्हा’ की ‘हेरगिरीचा अपघात’, याचा निवाडा कुणी केला, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

हिशेबाचं सॉफ्टवेअर

आपल्याकडे दुकानापासून कारखान्यापर्यंत टॅली असतं, तसं युक्रेनमध्ये ‘एम.ई.डॉक’ होतं. कर भरायचा, सरकारला विवरणपत्रं पाठवायची, तर हेच. बनवणारी कंपनी कीव्हमधली, लिंकॉस ग्रुप नावाची, एका कुटुंबाच्या मालकीची. तिचे ग्राहक मात्र लाखांत. युक्रेनमध्ये धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते ठेवावंच लागे. मर्स्कच्या ओडेसा कार्यालयातही हिशेब खात्याच्या सांगण्यावरून एका संगणकावर ते टाकलं होतं. एका संगणकावर, म्हणजे तेवढंच पुरे झालं.

हल्लेखोरांनी लिंकॉसच्या आत शिरकाव करून सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमध्येच मागचं दार, म्हणजे बाहेरून गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. नंतरच्या तपासात अशी तीन अपडेट सापडली. १४ एप्रिल, १५ मे आणि २२ जून २०१७ या तारखांची. म्हणजे स्फोटाच्या आधी दहा-अकरा आठवडे हे दार उघडं होतं.

या दहा आठवड्यांत त्या दारातून काय जात-येत होतं? प्रत्येक संगणकावरून कंपनीचा ‘ईडीआरपीओयू’ क्रमांक गोळा होत होता. हा युक्रेनमधल्या प्रत्येक कंपनीचा नोंदणी क्रमांक; आपल्याकडे पॅन किंवा जीएसटी क्रमांकावरून जशी कंपनी ओळखता येते तसा. शिवाय ईमेलची नावं आणि पासवर्ड. सगळं वेब कुकीच्या आत दडवून एम.ई.डॉकच्याच सर्व्हरकडे जायचं. वेगळा संशयास्पद सर्व्हर नाही, वेगळी वाट नाही. हिशेबनिसाचं सॉफ्टवेअर आपल्या घरी बोलतंय, एवढंच नेटवर्कवर दिसणार.

२६ जूनपर्यंत कायद्याच्या भाषेत ही निव्वळ हेरगिरी होती. दुसऱ्या देशाच्या कंपन्यांची यादी करणं, पासवर्ड जमवणं हे युक्रेनच्या कायद्यानं गुन्हा असेल, पण आंतरराष्ट्रीय कायदा हेरगिरीला सरसकट बेकायदा म्हणत नाही. सगळेच करतात, म्हणून कुणी मनाईचा नियम लिहीत नाही. मग २७ जूनला, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी, त्याच दारातून वेगळा माल आला. दार बदललं नाही, चावी बदलली नाही, दारामागचे लोकही बदलले नाहीत. कायद्याच्या दृष्टीनं मात्र रात्रीत सगळं पालटलं. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथं आहे. ‘बघणं’ आणि ‘मारणं’ यांत कायदा जी रेघ ओढतो ती यंत्रात कुठंच दिसत नाही. ज्याच्या घरात मागचं दार सापडलं त्याला ते कशासाठी बसवलंय हे आतून कळायचा मार्ग नसतो.

उसनं हत्यार

आत आलेला माल पसरला तो दोन वाटांनी. एक वाट अमेरिकेची होती.

‘इटर्नलब्लू’ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं, म्हणजे एनएसएनं, बनवलेलं हत्यार. विंडोज संगणक एकमेकांशी फायली वाटून घेतात त्या यंत्रणेत एक भोक होतं. एनएसएला ते सापडलं. मायक्रोसॉफ्टला सांगितलं असतं तर जगभरचे संगणक सुरक्षित झाले असते. सांगितलं नाही. वृत्तपत्रांत नंतर आलेल्या माहितीप्रमाणे ते पाच वर्षांहून जास्त काळ वापरलं गेलं आणि त्यातून भरपूर गुप्त माहिती मिळाली. ही माहिती खोटी किंवा क्षुल्लक होती असं मानायचं कारण नाही. दहशतवादी गटाचा किंवा अण्वस्त्रांचा माग काढण्यात असं एखादं भोक किती मोलाचं असतं, हे त्या कामातलाच माणूस सांगू शकेल.

पण एनएसएची कामं दोन आहेत. परक्यांच्या यंत्रणांत शिरणं हे एक, आणि आपल्या यंत्रणा राखणं हे दुसरं. भोक दडवून ठेवलं की पहिलं काम साधतं आणि दुसरं बुडतं, कारण परक्याच्या आणि आपल्या टेबलावर विंडोज तेच असतं. कुंपणानंच शेत खाल्ल्यासारखं आहे हे. यासाठी अमेरिकेत आंतरखात्यांची एक प्रक्रिया आहे. सापडलेलं भोक जाहीर करायचं की ठेवून द्यायचं, हे तिच्यात ठरतं. तिची नियमावली अमेरिकी सरकारनं उघड केली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडं.

दरम्यान हत्यार चोरीला गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘शॅडो ब्रोकर्स’ नावानं कुणीतरी एनएसएची साधनं विकायला काढली. हे कोण, ते अजूनही जाहीरपणे सिद्ध झालेलं नाही. भोकाची खबर मायक्रोसॉफ्टपर्यंत पोचली, १४ मार्च २०१७ ला ते बुजवणारा पॅच आला आणि १४ एप्रिलला शॅडो ब्रोकर्सनी इटर्नलब्लू जगासमोर फेकलं. एम.ई.डॉकचं पहिलं विषारी अपडेट त्याच तारखेचं. यातून काही सिद्ध होत नाही, पण तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो. मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं, तेही याच भोकातून. मायक्रोसॉफ्टचे ब्रॅड स्मिथ यांनी तेव्हा जाहीरपणे लिहिलं, की हे म्हणजे अमेरिकी लष्कराची टॉमहॉक क्षेपणास्त्रं चोरीला जाण्यासारखंच आहे.

एवढं सांगून सगळं खापर एनएसएवर फोडावंसं वाटतं, पण ते पुरतं न्याय्य नाही. पॅच येऊन तीन महिने झाले होते. शिवाय नॉटपेट्याची दुसरी वाट होती मिमिकॅट्झ, संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलणारं साधन. पॅच न केलेला एक संगणक सापडला की तिथून व्यवस्थापकाचा पासवर्ड उचलायचा आणि पॅच केलेल्या शंभर संगणकांत सरळ पुढच्या दारानं शिरायचं. म्हणून नव्वद टक्के संगणक नीट ठेवलेली कंपनीही आडवी झाली.

पडद्यावर दिसायचं ते असं. संगणक आपोआप बंद होऊन चालू व्हायचा आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश यायचा, की सी ड्राइव्हची दुरुस्ती चालू आहे, संगणक बंद करू नका, केलात तर माहिती नष्ट होईल. टक्केवारी पुढं सरकत राहायची. विंडोजच्या खऱ्या संदेशाची हुबेहूब नक्कल. खरं तर त्याच मिनिटांत डिस्कची अनुक्रमणिका कुलूपबंद होत असायची. तिथं ज्यानं भीती न बाळगता वायर उपटली त्याची माहिती वाचण्याची शक्यता होती. आज्ञाधारक बुडाले.

मग लाल अक्षरांत खंडणीची मागणी, ३०० डॉलरचे बिटकॉइन. पैसे भरल्यावर ज्या ईमेलवर कळवायचं तो पत्ता जर्मन कंपनीनं त्याच दिवशी बंद केला. आणि पत्ता चालू असता तरी उपयोग नव्हता. पडद्यावर दिसणारा ‘तुमचा क्रमांक’ निव्वळ यादृच्छिक अक्षरं होती, त्यातून कुलपाची किल्ली काढायची सोयच ठेवलेली नव्हती. पैसे भरणाऱ्याचं गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही. खंडणी हा मुखवटा होता, आणि कायद्याच्या दृष्टीनं हा मुखवटा महत्त्वाचा, कारण पहिले काही दिवस जगानं हे भुरट्या गुन्हेगारांचं काम समजून पोलिसी नजरेनं पाहिलं.

मर्स्कचे दहा दिवस

मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला आकडे सांगितले. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रणाली पुन्हा उभारल्या. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कंपनीच्या नेटवर्कचा नकाशा आणि कोण कुठं शिरू शकतो याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत, म्हणून कुणी वेगळी प्रत राखली नव्हती. सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. दुरुस्तीचं काम चालू होतं ब्रिटनमध्ये. तिथवर नेटवरून माहिती पाठवायची तर दिवस लागले असते, आणि घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकानं डिस्क घेऊन नायजेरिया गाठलं, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि दुसरा ती घेऊन लंडनला उतरला. लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

निवड करता आली असती

फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं, आणि त्यांच्यासोबत डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेंनी, हे रशियन लष्कराचं काम असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेनं लष्करी गुप्तचर खात्याच्या, म्हणजे जीआरयूच्या, ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीतल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. रशियानं सगळं नाकारलं. रॉसनेफ्ट ही रशियाची तेलकंपनीही हल्ल्यात सापडली होती, त्याकडे काहींनी बोट दाखवलं. ती मला पळवाट वाटते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं स्वतःचंही जळतं.

युद्धाच्या कायद्याचा पाया म्हणजे लष्करी आणि नागरी लक्ष्यांत भेद करणं. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये तो स्पष्ट आहे, आणि रशिया व युक्रेन दोघेही त्याला बांधील आहेत. (भारतानं त्यावर सही केलेली नाही.) सायबर हत्यारांच्या बाजूनं नेहमी म्हटलं जातं, की बाण सुटला की कुठं जाईल सांगता येत नाही, पसरणं हा त्याचा स्वभावच आहे. नॉटपेट्यात हा बचाव टिकत नाही, आणि तो टिकू न देणारा पुरावा हल्लेखोरांच्या हेरगिरीनंच तयार केला. त्यांच्याकडे कंपन्यांचे नोंदणी क्रमांक होते. कुठला संगणक कुठल्या संस्थेचा हे त्यांना माहीत होतं. यादीतून निवडक नावांपुरतंच हत्यार चालवणं त्यांना शक्य होतं. इराणच्या नतान्झमधल्या अणुकेंद्रावर सोडलेली स्टक्सनेट ही संगणक-अळी आठवा. ती असंख्य संगणकांत पसरली, पण सीमेन्सच्या नियंत्रकांची ठरावीक रचना सापडली तरच घाव घालायची. इथं माहिती हाताशी असून ती न वापरण्याचा निर्णय झाला. गुप्त माहिती जितकी जास्त, तितकी भेद करण्याची जबाबदारीही जास्त, असं धरलं तर नॉटपेट्याचे कर्ते सर्वांत कमी सबबी असलेले ठरतात.

पण हा ‘हल्ला’ तरी होता का? एस्टोनियातल्या नाटोच्या केंद्रानं तज्ज्ञांकडून ‘टॅलिन मॅन्युअल’ तयार करून घेतलं आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०१७ च्या फेब्रुवारीतली. त्यात सायबर हल्ल्याची व्याख्या माणसांना इजा किंवा वस्तूंची मोडतोड अशी आहे. निव्वळ डेटा म्हणजे वस्तू नव्हे, असं बहुसंख्य तज्ज्ञांचं मत. यंत्र बंद पडलं आणि सुटा भाग बदलावा लागला तर नुकसान धरायचं. ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकावी लागली तर? तिथं तज्ज्ञांत फूट आहे. मर्स्कचे ४५,००० संगणक नेमके या फटीत सापडतात.

आणि सार्वभौमत्वाचं काय? ब्रिटननं फेब्रुवारीच्या निवेदनात म्हटलं, की रशियानं युक्रेनच्या सार्वभौमत्वाची कदर केली नाही. तीनच महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, ब्रिटनचे अ‍ॅटर्नी जनरल जेरेमी राइट यांनी भाषणात सांगितलं, की सायबर क्षेत्रात सार्वभौमत्वभंगाचा वेगळा असा नियम आहे असं ब्रिटन मानत नाही. रशियाला दोष देताना जे तत्त्व कामाला आलं ते नियम म्हणून स्वीकारायची वेळ येताच दूर ठेवलं. कारण उघड आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना शिरणं हाच सार्वभौमत्वाचा भंग मानला, तर आपल्याच गुप्तचर संस्थांचं रोजचं काम बेकायदा ठरेल. फ्रान्स आणि नेदरलँड्सनी २०१९ मध्ये उलट भूमिका घेतली, की हा नियमच आहे.

संयुक्त राष्ट्रांतही हाच घोळ. २०१५ मध्ये सरकारी तज्ज्ञांच्या गटानं शांतताकाळात महत्त्वाच्या सेवांना धक्का लावू नये, पुरवठासाखळी विश्वासार्ह ठेवावी, सापडलेली भोकं जबाबदारीनं कळवावीत, असे मानदंड एकमतानं मांडले होते. ते ऐच्छिक होते. पुढच्या गटाची बोलणी कायदा नेमका कसा लागू करायचा यावर फिसकटली, ती जून २०१७ मध्ये. नॉटपेट्याच्या चार दिवस आधी.

न्यू जर्सीतलं युद्ध

इतक्या मोठ्या प्रश्नावर सगळ्यांत ठोस निकाल आला तो विम्याच्या खटल्यात.

मर्क ही औषध कंपनी. तिचे ४०,००० च्या वर संगणक गेले, लसीचं उत्पादन अडलं, आणि गार्डासिल या तिच्या लसीचे डोस अमेरिकी सरकारच्या राखीव साठ्यातून उसने घ्यावे लागले. तिनं १.४ अब्ज डॉलरचा दावा लावला. विमा कंपन्यांनी पॉलिसीतलं जुनं कलम पुढं केलं, की शत्रुत्वाच्या किंवा युद्धसदृश कृतीनं झालेलं नुकसान भरून मिळत नाही. पुरावा म्हणून हाताशी काय होतं? सरकारांनीच काढलेलं निवेदन. अमेरिका म्हणते रशियन लष्करानं केलं, मग हे युद्धच की! गुप्तचर खात्यांच्या निष्कर्षावर उभं असलेलं राजनैतिक पत्रक असं व्यापारी कोर्टात पोचलं.

डिसेंबर २०२१ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयानं आणि मे २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं मर्कच्या बाजूनं कौल दिला. कलमातल्या शब्दांचा अर्थ सैन्यांच्या नेहमीच्या युद्धाशी जोडलेला आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरून आलेली आपत्ती त्यात बसत नाही. विमा कंपन्यांना वगळायचं होतं तर त्यांनी शब्द बदलायचे होते. जानेवारी २०२४ मध्ये उरलेल्या कंपन्यांनी तडजोड केली. कॅडबरी बनवणाऱ्या माँडेलीझनं झुरिक विमा कंपनीवर लावलेला १० कोटी डॉलरचा असाच दावा ऑक्टोबर २०२२ मध्ये मिटला. टास्मानियातला कॅडबरीचा कारखानाही २०१७ च्या त्या हल्ल्यात बंद पडला होता.

विमा कंपन्यांनी कोर्टाचा सल्ला मनावर घेतला. लॉइड्स या लंडनच्या विमा-बाजारानं ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याकडच्या विमा कंपन्यांना फर्मावलं, की ३१ मार्च २०२३ पासून स्वतंत्र सायबर पॉलिसीत राज्यपुरस्कृत हल्ले वगळणारं कलम हवंच, आणि हल्ला कुठल्या राज्यानं केला हे कसं ठरवायचं तेही त्यात लिहायचं. म्हणजे गुप्तचर खात्यांनी वर्ष-दोन वर्षं खपून जे ठरवायचं ते आता पॉलिसीच्या मजकुरात.

आपल्या बाजूनं

फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियाचं नाव घेणाऱ्या देशांच्या यादीत भारत नव्हता. देशाच्या प्रमुख बंदरांत सर्वांत जास्त कंटेनर हाताळणाऱ्या बंदरातलं एक टर्मिनल बंद पडूनही नव्हता. रशियाशी असलेले संबंध पाहता याचं नवल नाही.

कायदा मात्र कागदावर लांबवर पोचतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ म्हणतं, की गुन्हा परदेशात आणि परदेशी माणसानं केला तरी भारतातला संगणक त्यात गुंतला असेल तर हा कायदा लागू. अत्यावश्यक सेवांना धक्का देणाऱ्या सायबर दहशतवादासाठी कलम ६६-एफ आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दिवाणी नुकसानभरपाईसाठी परदेशी राज्यावर दावा लावायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणे केंद्र सरकारची लेखी संमती लागते. नाव घ्यायलाच तयार नसलेलं सरकार अशी संमती देईल का, याचं उत्तर त्या ट्रेलरवाल्यालाही ठाऊक असेल.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं नियम केला, की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. टर्मिनल असो, बँक असो, रुग्णालय असो, ज्याचं घर फुटलं त्यानं सहा तासांत सांगायचं. भारतीय गुप्तचर संस्थांना एखादं भोक सापडलं तर ते बनवणाऱ्याला सांगायचं की राखून ठेवायचं, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवतं, त्याची नियमावली मात्र सरकारनं अजून जाहीर केलेली नाही.